हलका डबा

ता. ६ ऑगस्ट

डबा हलका आहे. हे आधी सांगते, नमस्कार-चमत्कार मागाहून. तुम्ही पोटच्या पोरीला पाठवलेला डबा मी स्वतः काट्यावर ठेवला, तर काट्याला कुणी काही ठेवलंय याचा पत्ताच नाही. एवढा हलका माल आमच्या भंगाराच्या गोदामात कुणी आणला असता, तर तुमच्या सासऱ्यांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं.

जावईबापू, अनेक आशीर्वाद. झाला नमस्कार. पुढं वाचा.

इथं माझ्याजवळ राहणाऱ्या तुमच्या बारकीच्या कॉम्प्युटरच्या पेटीत मागच्या कोपऱ्याला जो डबा बसतो, भिंतीतली वीज घेऊन आत सगळ्यांना वाटतो, त्याला तुम्ही पॉवर सप्लाय म्हणता. मी डबाच म्हणणार. पहिला डबा जळाला तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, "आई, घाबरू नका, चांगला निवडून पाठवतो." निवडलात! तो बसवल्यापासून पोरगी दवाखान्याचे नकाशे काढायला बसली की पडदा अचानक काळा. ती डोक्याला हात लावते, परत चालू करते, जरा काम होतं न होतं तोच परत काळा. काल तिनं एक आख्खा जिना दोनदा काढला. नवीन डबा, आणि जुन्यापेक्षा जास्त नखरे.

म्हणून मी तो पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या टकल्याकडे गेले. त्याचं कॉम्प्युटरचं दुकान तुमच्यापेक्षा लहान आहे, पण काचा पुसलेल्या असतात. त्यानं दुसऱ्या कंपनीचा डबा माझ्या हातात दिला. सोनेरी अक्षरं, वर गरुडाचं चित्र. हाताला असा जड लागला की मी तो लगेच काउंटरवर टेकवला. मी विचारलं, "याच्यात आणि माझ्या जावयाच्या डब्यात फरक काय?" तो म्हणाला, "आजी, दोघांवर आकडा एकच आहे. पाचशे पन्नास वॅट. वॅट म्हणजे वॅट." तो मी घरी आणला आणि दोन्ही एकापाठोपाठ काट्यावर ठेवले. तुमचा याच्यापुढं पापड.

आता मला एवढंच समजावून सांगा. दोघांवर आकडा सारखा, दोघांचं काम सारखं, मग तुमच्यातला उरलेला माल गेला कुठं? तांब्याला वजन असतं. लोखंडाला वजन असतं. वजन नसतं ते फक्त हवेला. माणसं बोलतात, बिलं बोलतात, काट्याला तोंडच नाही, तो खोटं काय बोलणार? म्हणून तर गोदाम मोडलं, पण काटा आणि मापं मी विकली नाहीत. उपयोगाची वस्तू आहे. मध्यंतरी ती कॉम्प्युटरची पेटी खडखड करायची, तीही मी गप्प केली, तिला काही तुमच्यासारखा कारागीर लागला नाही.

आता मुद्दा. नकाशे देऊन झाले की बारकीनं तुमच्या गावी यायचं, तुमच्या दुकानात भागीदार व्हायचं, नवीन पाटी लावायची, असं तुम्ही फोनवर लेकीला सांगून परस्पर ठरवलंत. मला कळलं ते शेजारणीकडून. ठीक आहे. पण जो माणूस स्वतःच्या पोरीला पोकळ डबा पाठवतो, तो गिऱ्हाइकाला काय देत असेल? अशा दुकानात मी तिला धाडणार नाही. डब्याचा हिशोब लागेपर्यंत ती इथून हलणार नाही.

उत्तर कागदावर द्या. फोनवर तुम्ही गोड बोलता, मला नीट ऐकू येत नाही म्हणून मी हं हं करते, आणि मग आईंनी होकार दिला असं ठरतं. कागदावर गोड लिहिलं तरी मला परत परत वाचता येतं.

पत्ता बारकीकडून लिहून घेतेय, माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही. पण पाकीट आधी चिकटवलंय, वरून टेपपण लावलीय. तेव्हा आत काय आहे ते तिला माहीत नाही.

तुमची सासू


ता. ११ ऑगस्ट

ती. आईंना सा. न.

टेप कापायला कात्री घ्यावी लागली. तुमच्या लेकीनं विचारलं, आईनं पत्र पाठवलंय की पार्सल?

रागावू नका, सगळं सांगतो. डब्याच्या वजनावर जाऊ नका. पूर्वी आम्हीही हातात घेऊन अंदाज करायचो, पण आता आतली रचना बदलली आहे. चांगल्या डब्यातलं तांबं आणि पत्रे पूर्वीपेक्षा लहान असतात आणि काम जास्त करतात. तुमचा जुना रेडिओ आठवा आणि आताचा बघा.

आता आकड्याचं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात काय लिहिलंय ते कंपनीच्या हौसेचं असतं. खरं काय ते मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात असतं. बारकीला म्हणावं, दोन्ही डबे शेजारी ठेव आणि 'बारा व्होल्ट' लिहिलेली ओळ वाच. कॉम्प्युटरचं सगळं अवघड काम त्या ओळीवर चालतं. मी पाठवलेल्या डब्यात जवळजवळ पूर्ण आकडा त्या ओळीत मिळेल. सोनेरी डब्यात काय मिळतं ते मला कळवा. माझा अंदाज आहे की निम्म्याच्या आसपास असेल आणि बाकीची भर कुठल्या तरी नको त्या ओळीत टाकलेली असेल.

आणि एक लक्षात ठेवा. यात फसायला अगदी सोपं आहे. कधी दोन कंपन्यांचे डबे एकाच कारखान्यातून निघतात, फक्त स्टिकर निराळा. कधी एकाच कंपनीचा, त्याच नावाचा डबा यंदा आतून वेगळाच निघतो. नावावरून, रंगावरून, वजनावरून काही सांगता येत नाही.

माझा डबा बंद का पडतो, हे मला इथं बसून कळणार नाही. कधी पडतो? पडताना कुणी टेबलाला हात लावलेला असतो का? पेटी कुठं ठेवली आहे? हे बारकीला विचारून लिहा. तोवर कृपा करून माझाच डबा ठेवा. आणि दोन्हीपैकी कुठलाही डबा उघडू नका. प्लग काढला तरी आत वीज साठून राहते आणि जोराचा झटका बसतो. तुमच्या हातात पाना-पक्कड लगेच येते हे मला माहीत आहे, म्हणून लिहितोय.

बारकीचं म्हणाल तर भागीदारीची गोष्ट मी तुम्हाला आधी सांगायला हवी होती, ते बरोबर आहे. पण खरं सांगू का आई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला वाटलं, काट्यावर डबा ठेवून तुम्ही दुसरंच काहीतरी तोलताय.

आपला,
जावई


ता. १५ ऑगस्ट

उघडू नका म्हणता! चोराच्या घरी गेल्यावर चोर हेच म्हणतो, "या, बसा, फक्त ते कपाट उघडू नका." गोदामात इतकी वर्षं काढली मी. ज्यानं ज्यानं म्हटलं "मावशी, पिंपात हात घालू नका, पत्रा लागेल", त्याच्या पिंपात तळाशी वाळू निघाली. पुठ्ठा भिजवून आणायचे, बंबाच्या पोटात दगड ठेवून वरून तोंड ठोकून आणायचे. मी एकेकाला उलटा करून दाखवला. तुम्ही त्यांच्यापुढं काय?

जावईबापू, आशीर्वाद. राहून गेले होते.

मी काही डबा उघडला नाही. पण नीट बघितला. मागच्या बाजूला एका स्क्रूवर कंपनीचा गोल कागद आहे, वर लिहिलंय की हा फाटला तर कंपनी जबाबदार नाही. बारकीनं वाचून दाखवलं. आणि तो कागद फाटलेला आहे! कापून परत चिकटवलाय, तोही वाकडा. म्हणजे मला उघडू नका म्हणणाऱ्यानं स्वतः उघडून ठेवलाय. आतून काय काढून घेतलंत? चार पानी पत्रात बारा व्होल्टची ओळ आहे, रेडिओ आहे, माझ्या मनात काय आहे तेसुद्धा तुम्हाला तिथं बसून दिसतं, आणि फाटलेल्या सीलचा एक शब्द नाही.

ती ओळ बारकीनं वाचली. तुमच्यावर जास्त लिहिलंय, सोनेरीवर कमी. कमी म्हणजे निम्मंसुद्धा नाही. बरं मग? छापणाऱ्यानं छापलं. तुमच्यावर जास्त छापलंय म्हणून तुमचा खरा? हे तर असं झालं की दोन गिऱ्हाइकं आली आणि ज्यानं स्वतःचं जास्त कौतुक केलं त्याचा माल चांगला. छापलेलं वाचायचं नाही, काट्यावर ठेवायचं, हे मी नवरा असतानाही त्याला ऐकवत होते.

तर ऐका. मी बारकीकडून तुमचा डबा काढवला आणि सोनेरी बसवून घेतला. ती तयार नव्हती. म्हणाली, "आजी, बाबांना विचारू." मी तिला फाटलेलं सील दाखवलं. मग तिनं डबा बदलला, पण तोंड असं केलं की मलाच कसंतरी झालं. आणि तेव्हापासून तुमच्याशी फोनवर बोलत नाहीये, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

आणि काय सांगू! एकदाही बंद पडला नाही. सकाळी चालू होतो तो संध्याकाळपर्यंत चालूच. पडदा काळा नाही की पांढरा नाही. नकाशे होत आलेत. खिडक्या, दारं, पेशंटची वाट बघायची खोली, सगळं झालं. जरा जळका वास येतो, पण नव्या वस्तूला येतोच. टकल्याही म्हणाला, "आजी, दोन दिवसांत जातो." तरी मी त्या सोनेरीवरही विश्वास ठेवलेला नाही, मला काय तुम्ही भोळी समजलात? रोज दिवे लागले की बारकीला झालेलं काम त्या बोटाएवढ्या वस्तूत उतरवायला लावते आणि ती वस्तू माझ्या पिशवीत ठेवते. कॉम्प्युटर तुमचा असो की त्याचा, नकाशे माझ्या पिशवीत.

पेटी कुठं ठेवली आहे म्हणून विचारलंत. जिथं होती तिथंच आहे, बुटक्या स्टुलावर आडवी. टेबलाखाली उभी मावत नाही. त्याचा डब्याशी काय संबंध? विषय बदलू नका.

बारकी येणार नाही. मी तिला अजून तसं सांगितलं नाही, पण तुम्हाला सांगते.

सीलचं उत्तर द्या. सील सोडून दुसरं काही लिहिलंत तर पत्र उघडणार नाही.

सासू


ता. १८ ऑगस्ट, सकाळ

आई,

हे पत्र बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय, तो दुपारपर्यंत तुमच्या हातात देईल. पोस्टाची वाट बघायला वेळ नाही. तुमचं पत्र वाचल्याबरोबर मी फोन केला. तुम्ही उचललात, "कागदावर" म्हणालात आणि ठेवलात. परत केला तर उचलला नाही. बारकी माझा फोन घेत नाही, मेसेज उघडत नाही. आता कारण कळलं.

आधी हे करा: सोनेरी डब्याचा प्लग भिंतीतून काढा. आत्ता. मग पुढं वाचा.

सीलचं उत्तर. हो, मी फाडलं. मी स्वतः उघडला. कारण तुमच्यासारखाच मीही कुणावर विश्वास ठेवत नाही. एकाच नावाचा डबा आतून बदललेला असतो, हे मीच तुम्हाला लिहिलं. गिऱ्हाइकाला देताना मी स्टिकर बघून देतो. पोरीला पाठवायचा होता म्हणून उघडून बघितला, दुकानात त्याच्यावर दोन दिवस काम लादलं, बंद डब्याला वरून हात लावून बघितलं किती तापतो, मग बंद करून पाठवला. सील फाटल्यावर कंपनी हात वर करते, म्हणून जबाबदारी माझी. हे लिहिलं नाही, कारण तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत होतं. आणि तुम्ही तेच म्हणालात.

आता बंद पडण्याचं. मला आधीच शंका होती, तुमच्या पत्रानं खात्री झाली. माझा डबा बिघडलेला नव्हता. पेटीत कुठंतरी वायर धातूला टेकतेय. असं झालं की चांगला डबा लगेच हात काढून घेतो, म्हणून पडदा काळा. तो सोनेरी डबा बंद पडत नाही, कारण त्याला काही कळतच नाही. तो टेकलेल्या वायरीत वीज ओततच राहतो. तुम्हाला येणारा वास नव्या वस्तूचा नाही, वायर भाजल्याचा आहे.

आणि आई, एक विचारतो, रागावू नका. पहिल्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं, पेटी खडखडायची ती तुम्ही गप्प केली. कशी केलीत?

जावई


ता. १८ ऑगस्ट, संध्याकाळ

बाबा,

मी ठीक आहे. आजीपण ठीक आहे. नकाशे ठीक आहेत. आधी हे तिन्ही लिहून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही श्वास घेत वाचाल.

ड्रायव्हरकाका पोचायच्या थोडं आधीच झालं. मी पेशंटच्या खोलीची शेवटची भिंत काढत होते. आजी फडकं घेऊन आली आणि पेटीवर हात टेकवून टेबल पुसायला लागली. वास एकदम वाढला, झाकणाच्या फटीतून धूर, आणि मागून असा आवाज की मला वाटलं बल्ब फुटला. आजीनं धावत जाऊन मेन स्विच पाडला. मग तिनं मला शिव्या घातल्या, मग टकल्याला, मग तुम्हाला. तुमचा नंबर तिसरा लागला, ही मी प्रगती समजते.

धूर जायची वाट बघत आम्ही दोघी दारात उभ्या होतो तेवढ्यात ड्रायव्हरकाका आले. आजीनं पत्र पायरीवर उभं राहूनच वाचलं. "आत्ता प्लग काढा" वाचून म्हणाली, "काढला की." पुढचं वाचून कागदाची घडी घातली. ड्रायव्हरकाकांना पाणी विचारलं, ते तिनं आजवर कुणालाच आपणहून विचारलं नसेल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मीच देते, ती देणार नाही. पेटी आडवी असते, म्हणजे तिचं बाजूचं झाकण वरती येतं. झाकणाचे स्क्रू हरवलेत, म्हणून ते थरथरायचं. आजीनं त्याच्यावर गोदामातलं दहा किलोचं लोखंडी माप ठेवलंय. वर विणलेला रुमाल टाकलेला असतो आणि रुमालावर तिचा चष्म्याचा डबा, आणि डबा बदलतानाही वरचं सगळं तीच आधी उचलून ठेवायची, त्यामुळे मला इतके दिवस ते माप दिसलंच नाही. मला वाटायचं, आजीनं पेटीवर स्वतःसाठी जागा केलीय.

तिनं ते स्वतः उतरवलं, मला हात लावू दिला नाही. खाली झाकण थाळीसारखं खोल गेलेलं. पुढच्या पंख्याच्या वायरी त्याच्याखाली पत्र्याच्या धारेवर दाबल्या गेलेल्या, वरचं प्लास्टिक जळून निघालेलं. आत तांबं दिसत होतं. आजी वाकून बघत म्हणाली, "तांबं तरी चांगलं आहे."

तो पंखा आणि त्याची वायर मी काढून टाकली. झाकण ठोकून सरळ केलं. तुमचा डबा परत बसवला. पडदा आला. अजून गेलेला नाही, हे लिहीपर्यंत तरी. कामाची प्रत आजीच्या पिशवीत होतीच, फक्त एक भिंत परत काढावी लागेल.

बाबा, सीलचं तुम्ही मला सांगायला हवं होतं. आणि मी तुम्हाला विचारायला हवं होतं. फोन उचलीन आता. पण भागीदारीचं त्यात विचारू नका, लगेच नाही. इथं माप उतरवल्यापासून आजी स्वयंपाकघरातून बाहेर आलेली नाही, आणि स्वयंपाकाचा आवाजही येत नाहीये.

तुमची,
बारकी


ता. २४ ऑगस्ट

पोरीनं तुम्हाला माझ्याबद्दल लिहिलंय, आणि काय लिहिलंय ते मला दाखवलं नाही. पाकीट चिकटवून गेली. कुणाकडून शिकली कुणास ठाऊक.

जावईबापू, आशीर्वाद.

ते माप मी काट्याशेजारी ठेवलंय, जिथं मापं असतात तिथं. त्याबद्दल तुम्ही काही लिहायचं नाही. पहिला डबा माप ठेवायच्या आधी जळाला की नंतर, हेही विचारायचं नाही. तुमच्या मनात ते आलंच असेल, तुमची जात तशी संशयी आहे, हे आता तुम्हीच कागदावर कबूल केलंय. इतकी वर्षं मला वाटत होतं, लेकीनं कुठला सरळ माणूस बघून लग्न केलं. कळलं ते बरं झालं. जरा ओळख वाटली.

सोनेरी डब्याचं सांगायचं आहे. तो गार होऊन काही दिवस झाले तेव्हा मी बॅटरी घेऊन पंख्याच्या जाळीतून आत बघितलं. हात घातला नाही, तुमचं पत्र समोर ठेवलं होतं. आत बाजूच्या पत्र्याला करड्या रंगाचा एक गोळा चिकटवलेला. त्याला ना वायर, ना स्क्रू. नुसता बसलाय, परक्याच्या घरी पाहुणा बसतो तसा.

तो डबा पिशवीत घालून मी टकल्याकडे गेले. त्याच्या पुसलेल्या काचेवर ठेवला आणि म्हटलं, "उघड." तो म्हणाला, "आजी, गिऱ्हाइकापुढं नाही उघडत." मी म्हटलं, "मग गिऱ्हाइकं बाहेर घालव, मी थांबते." दुकानात दोघं होते, ते आपणच जवळ आले. टकल्यानं उघडला. गोळा सिमेंटचा निघाला, डिंकानं चिकटवलेला. वर पत्र्याचा लहानसा तुकडा, आणि त्याच्या शेजारी जे खरं काम करायचं ते एवढंसं, बोराएवढं, जळून काळं झालेलं.

मी त्याला बोलायला सुरुवात केली. वाळूची पिंपं, ओला पुठ्ठा, दगड घातलेले बंब, सगळ्यांचा उद्धार केला. म्हटलं, "मेल्या, ज्या बाईनं जन्मभर लोकांचे दगड शोधून काढले, तिलाच तू दगड विकलास?" तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "आजी, मी काय तो दगड घातला? कंपनी घालते. कारण गिऱ्हाईक हातात घेऊन बघतं. तुम्ही नाही का माझ्यासमोर हातात घेऊन तोलून बघितलात? तुम्ही स्टिकर वाचला का?"

मी पाणी मागितलं. त्यानं दिलं. ग्लास स्वच्छ होता, तेवढं सांगते.

डब्याचे पैसे त्यानं परत दिले, मी मागितले नव्हते. म्हणजे मागणार होते, पण पाणी पिऊन झाल्यावर. तरी त्याच्यावर माझा विश्वास नाही. पण तो मला खोटं बोलला नाही, हे मी घरी येताना परत परत आठवून बघितलं. वॅट म्हणजे वॅट एवढंच म्हणाला. बाकीचं मीच माझ्या काट्याकडून वदवून घेतलं.

नकाशे दिले गेले. दवाखान्याच्या लोकांना आवडले. एका खोलीचं दार दुसऱ्या बाजूनं हवंय, ते ती करून देईल. तुमचा डबा चालू आहे. एकदा बंद पडला होता. मी लगेच म्हटलं, बघ. पण ते घरातलीच वीज गेली होती.

तुम्ही लिहिलं होतं, काट्यावर डबा ठेवून मी दुसरंच काहीतरी तोलत होते. तेवढं बरोबर आहे. यापुढं असलं लिहू नका. पेटीवर रुमाल टाकून, चष्मा ठेवून मी तिच्या शेजारी बसायची. ती नकाशे काढायची, मी बघायची. ती गेल्यावर मी काय पेटीशेजारी बसणार आहे? पण म्हणून झाकण दाबून धरायचं, आणि आत काय भाजतंय त्याचा वास आला तरी नवीन वस्तूचा म्हणायचं, हे मला जमणार नाही. मी भंगारवाली आहे, बावळट नाही.

तुमचा डबा हलका आहे ते खरंच आहे. पण फाटलेल्या सीलचा आहे, आणि फाडणाऱ्यानं आत बघून पाठवलाय. आता मला दुसरं काही तपासायचं नाही.

हे पत्र मी चिकटवलेलं नाही. पत्ता लिहायला नेहमीप्रमाणे बारकीकडे जाईल, उघडंच. ती काही न वाचता पत्ता लिहील असं मी धरत नाही. मीही वाचलं असतं.

तर बारके, इथंवर आलीस ना? बापाच्या दुकानात जायचं की इथं राहून नकाशे काढायचे, हे तुझा बाप एकीकडून आणि मी दुसरीकडून ठरवत बसलो, आणि तुला कुणी विचारलंच नाही. याच कागदाच्या मागे जागा सोडली आहे. मला वाचून दाखवू नकोस. तुझा बाप मला फोनवर सांगेल, मी उचलीन, आणि या वेळी हं हं करणार नाही, नीट ऐकेन. पाकीट तुझ्या हातानं चिकटव, टेप ड्रॉवरमध्ये आहे. जावईबापूंनी याचं उत्तर लिहायचं नाही, माझ्या लेकीनंही नाही. उत्तर तू लिहायचंस.